ऑनलाइन बीबीए, बीकॉम, एमबीएचं नवीन सेमिस्टर सुरू होतंय? पहिल्या पंधरा दिवसांत हे उरकून घ्या (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी)

ऑनलाइन डिग्रीचं सेमिस्टर सुरू झालं हे घरी येऊन कुणी सांगत नाही. एक मेल येतोय, तोपण कधी कधी स्पॅममध्ये जाऊन बसतोय, पोर्टलवर पाच नवीन विषय दिसायला लागतात आणि झालं, तुमचं सेमिस्टर सुरू. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात आता बरेच जण नोकरी, दुकान, शेती सांभाळून ऑनलाइन बीबीए नाहीतर एमबीए करायलेत, लग्न होऊन आलेल्या मुली घरातलं सगळं बघून बीकॉम पूर्ण करायलेत, आणि मला हे मनापासून आवडतंय. पण यातल्या कितीतरी जणांचा अभ्यास परीक्षेचा फॉर्म निघाल्यावरच सुरू होतोय. तोवर असाइनमेंटच्या तारखा निघून गेलेल्या असतात आणि ते मार्क मग कुठूनच परत येत नाहीत. मी आजवर जेवढ्यांचं बघितलंय त्यात डोकं कमी म्हणून मागं पडलेले थोडे, तारखा चुकल्या म्हणून मागं पडलेले जास्त. म्हणून सुरुवातीच्या पंधरा दिवसांवर एवढा जोर देऊन सांगायलोय.

आधी कागद आणि आयडी

पहिलंच सेमिस्टर असेल तर फी भरायच्या आधी एक काम करा. यूजीसी म्हणजे देशातल्या विद्यापीठांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था, तिचं डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो म्हणजे डीईबी, त्यांच्या वेबसाइटवर कुठल्या विद्यापीठाला कुठला कोर्स कुठल्या सत्रात ऑनलाइन चालवायला परवानगी आहे त्याची यादी असते. जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी अशी दोन सत्रं असतात आणि यादी सत्राप्रमाणं बघायची. मागच्या वर्षी नाव होतं म्हणून यंदा असेलच असं नाही, आणि विद्यापीठाचं नाव आहे म्हणून तुमचा कोर्स असेलच असंही नाही, दोन्ही बघायचं.

आपल्या सीमाभागातल्यांनी अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे. डिस्टन्स आणि ऑनलाइन हे दोन वेगळे मोड आहेत. डिस्टन्स मोडला राज्य विद्यापीठांना हद्द असते, म्हणजे महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठाला कर्नाटकात अभ्यासकेंद्र काढून डिस्टन्सचा कोर्स चालवता येत नाही. ऑनलाइन मोडला तसली हद्द नाही, विद्यापीठ कुठल्या राज्यातलं आहे याचा संबंध नाही, तुम्ही उचगावात बसून करा नाहीतर कणकुंबीत. त्यामुळं कुणी एजंट "इथं आमचं सेंटर आहे, इथंच सगळं होतंय" असं सांगायला लागला तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, मोड कुठला आणि लेखी कुठं आहे. मान्यता असलेली ऑनलाइन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी एका वेळी दोन डिग्र्या करायलाही परवानगी दिली, म्हणजे इथल्या कॉलेजात रेग्युलर बीए करत करत ऑनलाइन बीबीए करता येतंय, फक्त दोन्ही विद्यापीठांचे नियम आधी बघून घ्यायचे.

दोन आयडी लागतात. एक एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स जिथं जमा होतात ते खातं), तो डिजिलॉकरमधून निघतो. दुसरा डीईबी आयडी, हा २०२४ पासून ऑनलाइन आणि डिस्टन्स दोन्हीच्या ॲडमिशनला सक्तीचा केलाय आणि तो काढायला आधी एबीसी आयडी लागतोय. काम दहा मिनिटांचं, पण अडकतंय कुठं, तर नावात. आपल्याकडं एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर एक नाव, आधारवर दुसरं, पीयूसीला तिसरंच. एकीकडं आडनाव आधी, एकीकडं आडनावच नाही, नुसती वडिलांची इनिशियल, आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंगचं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं. लग्न झालेल्या मुलींचं तर आधार सासरच्या नावावर आणि मार्क्स कार्ड माहेरच्या. हे सगळं सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात एका टेबलावर मांडून बघा. साधारण नियम असा धरा की एसएसएलसी मार्क्स कार्डवरचं नाव तेच मूळ, आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवायचा. आधार दुरुस्तीला वेळ जातोय, हॉल तिकीट यायच्या टायमाला हे काम काढलं तर जीव जातोय नुसता.

नाडकचेरीतून काढलेला जातीचा नाहीतर उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल आणि विद्यापीठ बाहेरच्या राज्यातलं असेल तर तिथल्या क्लार्कला तो वाचता येणार नाही, त्यामुळं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत जोडायचं.

दुसऱ्या नाहीतर पुढच्या सेमिस्टरला असाल तर री-रजिस्ट्रेशन झालंय का ते बघा. नुसती फी भरली म्हणजे रजिस्ट्रेशन झालं असं समजू नका, काही ठिकाणी फी भरून परत विषय सिलेक्ट करून सबमिट करावं लागतंय. पोर्टलवर विषयांची यादी तुमच्या नावाखाली दिसली तरच झालं म्हणायचं. इलेक्टिव्ह म्हणजे आपण निवडायचे विषय असतील तर त्याच वेळी ठरवा. फायनान्स घेऊ का मार्केटिंग हे मित्रानं काय घेतलं यावरून ठरवू नका. तुम्ही कुठं काम करताय किंवा करणाराय त्यावरून ठरवा. उद्यमबागला फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये असाल तर ऑपरेशन्स रोजच्या कामात उपयोगी पडेल, घरचं कापडाचं दुकान असेल तर मार्केटिंग, पतसंस्थेत कामाला असाल तर फायनान्स.

फी कायम विद्यापीठाच्याच पोर्टलवरून भरायची, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया टाकायचा नाही, आणि पावतीची पीडीएफ तीन ठिकाणी ठेवायची. "हप्त्यानं भरा, व्याज नाही" असं म्हणून जे फॉर्म भरून घेतात ते बऱ्याच वेळा कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतंय. मध्येच कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही आणि चुकवला तर सिबिल खराब होतंय. घ्यायचं असेल तर घ्या, पण कर्ज घेतोय हे समजून घ्या. विद्यापीठ फीबद्दल नाहीतर निकालाबद्दल दादच देत नसेल तर यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, तिथं तक्रार टाकता येते.

किती तास लागणार हे आधी मोजा

हे कुणीच करत नाही आणि सगळा घोळ इथंच होतोय. ऑनलाइन आणि डिस्टन्समध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास, असे पाच विषय म्हणजे ६०० तास. सेमिस्टर वीस आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३० तास झाले. यात व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट, उजळणी, सगळं आलं.

आकडा बघून घाबरायला होतंय, मान्य. नोकरी करून ३० तास सगळ्यांना जमत नाहीत आणि ज्याला अकाउंट्स आधीपासून येतंय त्याला त्या विषयाला १२० तास लागतही नाहीत. पण आठवड्याला दोन-तीन तास बघू म्हणणाऱ्यानं हा हिशोब एकदा तरी कागदावर करावा. माझं मत असं की नोकरीवाल्यानं १६ ते १८ तास तरी पक्के काढावेत. फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळी सात ते नऊ असे पाच दिवस, दहा तास झाले, रविवारी सकाळी चार आणि दुपारी तीन, सतरा झाले. शनिवार मोकळा ठेवा, कारण आठवड्यातलं एखादं दिवस लाइट नाहीतर पाहुणे खाणारच, ते भरून काढायला शनिवार. शिफ्ट बदलती असेल तर दर रविवारी पुढच्या आठवड्याचे तास लिहून ठेवायचे, वेळ बदलू दे पण बेरीज बदलू द्यायची नाही.

घरकाम करणाऱ्या ताई-वहिनींना सलग दोन तास मिळत नाहीत हे मला माहीत आहे. त्यांनी काम दोन प्रकारात वाटून घ्यावं. व्हिडिओ ऐकणं, नोट्स परत वाचणं हे अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यात जमतंय, अकाउंट्सची गणितं आणि असाइनमेंट लिहिणं जमत नाही, त्याला आठवड्यातून दोनदा तरी दार लावून बसता येईल असा वेळ घरच्यांकडून मागून घ्यायचा. मागायलाच पाहिजे. सासूबाईंना, नवऱ्याला परीक्षेची तारीख आणि फीचा आकडा सांगा, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते चार माझा अभ्यास असं ठरवून सांगा. "वेळ मिळाला की करते" असं म्हटलं की घर तो वेळ देत नाही, कुठलंच घर देत नाही.

तारखा भिंतीवर आणा

पोर्टलवर ॲकॅडमिक कॅलेंडरची पीडीएफ असते. ती उघडून असाइनमेंटच्या, क्विझच्या, लाइव्ह क्लासच्या, परीक्षा फॉर्मच्या सगळ्या तारखा दोन ठिकाणी उतरवायच्या. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये, रिमाइंडर सात दिवस आधी आणि दोन दिवस आधी, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं, म्हणजे घरातल्यांनापण दिसतंय.

आता त्याच कालनिर्णयावर आपल्याकडचं वर्ष बघा. जुलैचं सत्र म्हणजे खानापूर-बेळगाव भागात रोपलावणीचे दिवस, पहिले तीन आठवडे शेतातच जातात. मग गणपती, बेळगावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड, मग दिवाळी, पोरांचे किल्ले, आणि दिवाळी संपायच्या आत भाताची सुगी. म्हणजे शेतीवाल्या घरातल्या मुलाला जुलै आणि नोव्हेंबर हे दोन्ही महिने अर्धेच मिळतात, त्यानं ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्येच असाइनमेंट संपवायच्या, दुसरा मार्ग नाही. डिसेंबरात परीक्षा बेळगावच्या सेंटरवर असेल तर विधानसभेचं हिवाळी अधिवेशन कधी आहे तेपण बघून ठेवा. सुवर्णसौधकडं मोर्चे आंदोलनं असतात, हायवेवर बंदोबस्त असतोय, निपाणी-संकेश्वरकडून येणाऱ्यानं तास-दीड तास जास्तीचा धरून निघावं आणि लॉजवर राहायचं असेल तर रूम आधी सांगून ठेवावी.

जानेवारीच्या सत्रात मार्चला घरातल्या धाकट्यांची एसएसएलसी-पीयूसी असते, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, बेळगावची वैशाखातली शिवजयंती आणि चित्ररथ, गावच्या यात्रा, आणि परीक्षा जूनला गेली की पाऊस. यातलं काहीही सोडा असं मी म्हणत नाही, सणवार सोडून कोण अभ्यास करणार. फक्त त्या आठवड्यांत अभ्यास होणार नाही हे आधीच धरून बाकीच्या आठवड्यांत वाढवून घ्यायचा.

लाइट, नेट, लॅपटॉप

नुसत्या मोबाइलवर डिग्री होत नाही असं नाही, पण बिझनेसच्या कोर्सला एक्सेल लागतंय, टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर लागतंय, दहा पानांची असाइनमेंट टाइप करावी लागते. जुना लॅपटॉप चालतोय, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे, कॅमेरा आणि माइक मात्र चालू पाहिजे कारण ऑनलाइन परीक्षेला लागतोय.

हेस्कॉमचं लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, दुरुस्तीसाठी बंद असणार असेल तर पेपरात येतंय, तेवढं कॉलम बघायची सवय लावा. वायफाय राउटरला लावायचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतोय, लाइट गेलं तरी दोन-तीन तास नेट चालू राहतंय, लॅपटॉपला बॅटरी असतेच. माझ्या मते ऑनलाइन शिकणाऱ्याच्या घरात लॅपटॉपनंतरचा खर्च हाच. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात रेंज कुठल्या टेकाडावर येते ते तिथल्यांना पाठ असतंय, त्यांनी तालुक्याला आलं की व्हिडिओ डाउनलोड करून न्यायचे, पोर्टलच्या ॲपमध्ये ती सोय असेल तर वापरा. लेक्चर ३६०पीवर बघितलं तर तासाला साधारण ३०० एमबी जातात, ७२०पीवर जवळजवळ १ जीबी, आणि फळ्यावरचं ३६०लापण दिसतंय.

ज्या नंबरवर ओटीपी येतोय ते सिम डिग्री संपेपर्यंत बंद पडू देऊ नका.

पोर्टल उघडल्यावर पहिल्या आठवड्यात

पहिल्या दिवशी पहिलं लेक्चर लावून बसू नका. आधी प्रत्येक विषयाचा सिलॅबस उघडा आणि मार्कांची विभागणी बघा. यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणं ऑनलाइन कोर्सला अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के आणि सेमिस्टरएंड परीक्षा कमीत कमी ७० टक्के. ते ३० कशाचे आहेत ते वाचा, दोन असाइनमेंट आणि एक क्विझ, का तीन क्विझ, का डिस्कशन फोरमलापण मार्क आहेत. मग पासिंग बघा, एकूण ४० टक्के पाहिजेत का दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतंय. वेगवेगळं असेल तर ७० पैकी २८ परीक्षेतच काढावे लागतात, तिथं अंतर्गत मार्कांचा आधार मिळत नाही. एकत्र असेल आणि तुम्ही ३० पैकी २५ मिळवून ठेवलेत तर परीक्षेला जाताना डोकं किती शांत असेल त्याचा विचार करा, आणि ते २५ घरी बसून, पुस्तक उघडून, वेळ घेऊन मिळणारे आहेत.

तिसरी बघायची गोष्ट सहभाग. ऑनलाइन कोर्समध्ये हजेरी म्हणजे लॉगिन नाही, व्हिडिओ पूर्ण बघणं, सेल्फ टेस्ट देणं, चर्चेत लिहिणं, हे सगळं पोर्टल मोजत असतंय आणि ठराविक टक्क्यांच्या खाली गेलात तर परीक्षेला बसता येत नाही. तुमच्या विद्यापीठाचा टक्का किती तो शोधून पहिल्या पानावर लिहा. युट्यूबवर दुसऱ्याचं लेक्चर बघून समजलं तरी पोर्टलवरचा व्हिडिओ पूर्ण करायचाच.

चौथं, मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. मिळतील तेवढ्या काढा आणि सिलॅबसच्या शेजारी ठेवून कुठल्या युनिटवर किती येतंय ते खुणा करून बघा. एका संध्याकाळचं काम आहे, सेमिस्टरभर उपयोगी पडतंय.

विषयांचं काय करायचं

अकाउंटिंग रोज करायचा विषय आहे. व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतंय आणि कोरा कागद घेतला की पेन पुढं जात नाही, त्यामुळं एक तास व्हिडिओ तर दीड तास वहीवर गणित असा हिशोब ठेवा. उदाहरण आपल्या गावचं घ्या. समजा निपाणीतला एक होलसेलवाला आहे, त्यानं ६०,००० रुपयांचा हार्डवेअरचा माल उधारीवर चिकोडीच्या दुकानदाराला विकला आणि तेवढाच माल कागलच्या दुकानदाराला विकला. टॅक्स १८ टक्के धरू, म्हणजे दोन्हीकडं १०,८०० रुपये. चिकोडी कर्नाटकात, म्हणून त्या बिलावर ५,४०० सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि ५,४०० एसजीएसटी (राज्याचा वाटा). कागल कोगनोळी टोलनाक्याच्या पलीकडं, महाराष्ट्रात, म्हणून त्या बिलावर पूर्ण १०,८०० आयजीएसटी (माल दुसऱ्या राज्यात गेला की लागणारा). एंट्री घालताना चिकोडीच्या गिऱ्हाइकाचं खातं ७०,८०० नं डेबिट, सेल्स ६०,००० क्रेडिट, आउटपुट सीजीएसटी ५,४०० क्रेडिट, आउटपुट एसजीएसटी ५,४०० क्रेडिट. कागलवाल्याला शेवटच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ, आउटपुट आयजीएसटी १०,८००. माल ५०,००० च्या वर आहे म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारं ऑनलाइन बिल. आणि बिलावरचा जीएसटी नंबर बघा, कर्नाटकातल्याचा २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्याचा २७ नं. पुण्या-मुंबईतल्या मुलाला आयजीएसटी पुस्तकात वाचावा लागतो, आपल्याला तो निपाणीच्या कुठल्याही दुकानातल्या बिलबुकात रोज दिसतोय, ह्याचा फायदा घ्या. ओळखीच्या दुकानदाराकडून जुनी चार बिलं मागून घ्या, दोन इकडची दोन तिकडची, आणि त्यांच्या एंट्र्या घाला. मग तेच टॅलीत करून बघा, टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्यातल्या ठराविकच तारखांना एंट्री पडते, पण शिकायला तेवढं भरपूर.

कॉस्टिंगमध्ये ब्रेक-इव्हन येतंय, म्हणजे ना नफा ना तोटा तो आकडा. तेपण असंच. समजा कुंदा बनवणाऱ्याचा महिन्याचा ठरलेला खर्च, भाडं, पगार, लाइट, ३०,००० रुपये. किलोला दूध, साखर, गॅस, पॅकिंग मिळून २८० जातात आणि तो ४०० ला विकतो. किलोमागं १२० सुटले. ३०,००० ला १२० नं भागलं की २५०, म्हणजे महिन्याला अडीचशे किलो विकल्यावर त्याचा खर्च निघतोय आणि पुढच्या किलोपासून नफा. आता दूध महागलं आणि किलोचा खर्च ३०० झाला तर? शंभरच सुटतात, तीनशे किलो विकावे लागतात. हे एकदा हातानं केलं की परीक्षेत आकडे कितीही फिरवून देऊ देत.

स्टॅटिस्टिक्सला मात्र बऱ्याच जणांचा पाय अडकतोय. इथं माझा सल्ला सरळ आहे, पहिल्याच महिन्यात हा विषय समोर घ्या, शेवटी ठेवू नका, कारण याला पाठांतर चालत नाही. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन आधी हातानं, मग एक्सेलमध्ये ताळा करून बघायचं.

मार्केटिंग, मॅनेजमेंट, एचआर हे विषय वाचायला सोपे पण लिहायला फसवे, तिथं मार्क उदाहरणाला मिळतात. वडगाव-शहापूरची साडी, निपाणीचा तंबाखू, उद्यमबागच्या कास्टिंगचे सप्लायर, ही उदाहरणं नीट माहिती काढून लिहिलीत तर तपासणाऱ्याला तुमचा पेपर वेगळा दिसतोय. कायद्याला कलम आणि साल पाठ करा, कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, सेल ऑफ गुड्स १९३०, पार्टनरशिप १९३२, कंपनीज ॲक्ट २०१३, आणि प्रत्येक मुद्द्याला एक गोष्टीसारखं उदाहरण तयार ठेवा.

मराठी शाळेतून आलेल्यांना इंग्रजी स्टडी मटेरियल जड जातंय. प्रत्येक युनिट तीनदा वाचायचं, पहिल्यांदा अडलेल्या शब्दांवर नुसती खूण, दुसऱ्यांदा त्याचे अर्थ आपल्या भाषेत वहीत, तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून इंग्रजीत पाच ओळी स्वतः लिहायच्या. पहिल्या महिन्यात वेळ लागतोय, दुसऱ्या महिन्यात निम्मा होतोय. समजत नसेल ते सरकारच्या स्वयम पोर्टलवर फुकट बघता येतंय आणि पीजीवाल्यांना ई-पीजी पाठशाला आहे. पण एका विषयाला एकच जास्तीचा स्रोत, दहा ठिकाणचे व्हिडिओ साठवून काही होत नाही.

असाइनमेंट

शेवटची तारीख रात्री ११.५९ ची असते आणि त्या रात्री साडेअकराला सगळा देश एकाच वेळी अपलोड करत असतोय. तुमची शेवटची तारीख म्हणजे त्याच्या दोन दिवस आधी. फाइलचं नाव त्यांनी सांगितलंय तसंच ठेवा, साइझची मर्यादा बघा, अपलोड झाल्यावर परत उघडून बघा पानं सगळी आहेत का, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. हातानं लिहून स्कॅन करायची असेल तर दिवसाउजेडी खिडकीजवळ स्कॅन करा, ट्यूबलाइटखाली सावली पडते.

कॉपी करू नका. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ पन्नास जणांनी टाकलेली असते आणि जुळणी तपासायचं सॉफ्टवेअर ती लगेच पकडतंय, एआयकडून लिहून घेतलेलंपण वाचणाऱ्याला कळतंय. आणि खरं सांगायचं तर असाइनमेंट स्वतः लिहिली की त्या युनिटची अर्धी तयारी तिथंच होते, ती दुसऱ्याला कशाला द्यायची.

ग्रुप कसला करायचा

दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि "लास्ट डेट कधी" एवढंच चालतंय. तो म्यूट करून ठेवा, नोटिससाठी असू दे. तुमच्याच सेमिस्टरचे चार-पाच जण शोधा, बेळगावचेच पाहिजेत असं नाही पण जवळचे असले तर बरं, महिन्यातून एकदा समोरासमोर बसता येतंय, वाचनालयात नाहीतर कुणाच्या घरी. रविवारी रात्री अर्धा तास कॉल, प्रत्येकानं आठवड्यात वाचलेलं एक युनिट बाकीच्यांना समजावून सांगायचं. कानडी मित्र असेल तर त्यालापण घ्या, आपल्या भागात दोन्ही भाषा ऐकत वाढलोय सगळे, समजावून सांगताना भाषेचं काय अडत नाही आणि ऑफिसातली कन्नड नोटिस तो वाचून सांगतोय.

परीक्षेचं आत्ताच बघून ठेवा

परीक्षा सेंटरवर आहे का घरून प्रॉक्टर्ड (कॅमेऱ्यातून नजर ठेवून घेतलेली) आहे ते सुरुवातीलाच बघा. सेंटरवर असेल तर फॉर्म भरताना सेंटरची निवड असते, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर यातलं जे मिळतंय त्यातलं जवळचं, सकाळचा पेपर असेल तर पहिली एसटी किती वाजता पोचते ते बघूनच निवडा. घरून असेल तर मॉक टेस्ट देतात ती चुकवायची नाही, त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच नेटवर द्यायची. खोलीत दुसरा माणूस आला किंवा मागून बोलल्याचा आवाज आला तर सिस्टीम नोंद करते, त्यामुळं त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं, दाराला कागद लावायचा, मोबाइल बाहेर. राउटरचा यूपीएस आदल्या रात्री पूर्ण चार्ज, दुसऱ्या सिमचा हॉटस्पॉट मात्र परवानगी आहे का ते आधी मेल करून विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. मध्येच लाइट किंवा नेट गेलं तर कुठल्या नंबरवर आणि किती मिनिटांत कळवायचं तो नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवायचा, कारण नेट गेल्यावर तो पोर्टलवर शोधता येत नाही.

निकाल लागला की एबीसी खात्यात त्या सेमिस्टरची क्रेडिट्स जमा झालीत का ते डिजिलॉकरमध्ये जाऊन बघा. बऱ्याच वेळा उशीर होतोय, पण दोन महिन्यांनीपण दिसली नाहीत तर विद्यापीठाला एनरोलमेंट नंबर आणि मार्कशीट जोडून मेल करा. फोनवर बोलून ठेवू नका, मेलच करा, म्हणजे तारीख राहते.